पडद्यावरचे साहस, मस्टरवरचे मरण



वाफेच्या इंजिनांच्या काळात मोठ्या स्टेशनांवर इंजिनात पाणी भरण्यासाठी वॉटर कॉलम असे. त्याची सोंड फिरवून टेंडरवर आणायची आणि व्हॉल्व्ह उघडायचा. ज्या जुन्या सभासदांनी तो व्हॉल्व्ह उघडला आहे, त्यांना त्या पाण्याचा जोर सांगायला नको. १९२४ साली बस्टर कीटन हा विनोदी नट 'शेरलॉक ज्युनियर' या चित्रपटासाठी मालगाडीच्या टपावरून धावत येऊन अशाच एका सोंडेला लटकला. पाणी बदाबदा कोसळले, हात सुटला आणि तो खाली पडला. मान रुळावर आदळली. पुढे बरेच दिवस डोके ठणकत राहिले, पण काम चालूच राहिले. कित्येक वर्षांनी डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा कळले की मानेचा मणका मोडून तो आपोआप जुळून आला होता. ते दृश्य चित्रपटात तसेच आहे. लोक आजही ते पाहून हसतात.

दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, त्याच कीटनने 'द जनरल' हा चित्रपट काढला. त्यात ओरेगॉन राज्यातील एका नदीवर पूल बांधून पेटवला आणि खरे इंजिन त्या पुलावरून नदीत पाडले. रेल्वेच्या माणसाला ते पाहवत नाही, पण तो भाग सोडा. त्या चित्रीकरणात एका ब्रेक्समनच्या पायावरून गाडीचे चाक गेले आणि त्यातून २,९०० डॉलरचा दावा उभा राहिला. नदीत पडलेल्या इंजिनाची चर्चा सिनेमाच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. ब्रेक्समनच्या पायाला एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

आम्ही मॅट्रिक झालेले रेल्वे कामगार आहोत, सिनेमाचे पंडित नाही. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या मैदानावर पडदा बांधून दाखवलेले सिनेमे पाहत आम्ही मोठे झालो. तेव्हा सिनेमाबद्दल आमच्या मनात आकस नाही. परंतु हॉलीवूडच्या त्या तथाकथित सुवर्णयुगाविषयी जेव्हा लिहिले जाते, तेव्हा सेटवर भाजलेली, बुडालेली, पडलेली माणसे 'कलेसाठी केलेला त्याग' म्हणून सांगितली जातात. हा शब्द आम्हाला खटकतो. त्याग माणूस स्वतःच्या मर्जीने करतो. ज्याला संध्याकाळची भाकरी रोजावर अवलंबून आहे, त्याची मर्जी कसली? हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे, म्हणून आज आपल्या मुखपत्राच्या पानावर तो मांडत आहोत.

प्रथम हकिकती पाहू. १९१९ मध्ये हॅरोल्ड लॉईड हा नट हातात नकली बॉम्ब धरून छायाचित्र काढून घेत होता. नकली समजला गेलेला बॉम्ब खरा निघाला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली. पुढची सारी कारकीर्द त्याने हातमोजा घालून काढली. १९२३ मध्ये टेक्सासमध्ये 'द वॉरन्स ऑफ व्हर्जिनिया' या चित्रपटाचे काम चालू असताना मार्था मॅन्सफिल्ड या तरुण नटीच्या जुन्या पद्धतीच्या घेरदार पोशाखावर पेटती काडी पडली. झालरीचे हलके कापड क्षणात पेटले. दुसऱ्या दिवशी तिचा मृत्यू झाला. असल्या कापडाजवळ उघडी ज्योत आणू नये, हे कोणत्याही गोदामातला हमाल सांगेल. सेटवर ते सांगण्याचे काम कोणाचेच नव्हते.

१९२८ च्या 'नोआज आर्क' चित्रपटात महाप्रलय दाखवायचा होता. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. हौदांमध्ये प्रचंड पाणी साठवून ते मंदिराच्या सेटवर आणि खाली उभ्या असलेल्या शेकडो एक्स्ट्रा कलाकारांवर सोडायचे ठरले. हॅल मोर या कॅमेरामनने हरकत घेतली की एवढ्या पाण्याखाली, कोसळणाऱ्या खांबांखाली, या लोकांचे काय होणार? त्याचे कोणी ऐकले नाही, तेव्हा तो काम सोडून निघून गेला. पाणी सोडले गेले. अनेकांची हाडे मोडली. तीन जण बुडाले असे तेव्हापासून सांगितले जाते आणि त्या आकड्यावर आजही वाद चालतो. यातच सारे आले. ज्यांचे नाव मस्टरवर धड लिहिलेले नसते, त्यांच्या मरणाचाही हिशेब लागत नाही.

विमानांची गोष्ट तशीच. हॉवर्ड ह्यूज या कोट्यधीशाने 'हेल्स एंजल्स' हा युद्धपट काढायला घेतला. १९३० मध्ये तो प्रदर्शित होईपर्यंत त्यात किमान तीन माणसे दगावली. त्यांतला एक फिल जोन्स नावाचा मेकॅनिक होता. पडणाऱ्या विमानातून धूर निघताना दिसावा म्हणून त्याला विमानाच्या मागच्या भागात धुराच्या कामाला बसवले होते. विमान खाली झेपावू लागले, वैमानिकाने छत्री बांधून उडी घेतली, मागचा मेकॅनिक विमानासकट जमिनीवर गेला. पुढे बसलेला बाहेर पडतो आणि मागे धूर करणारा आतच राहतो, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. २ जानेवारी १९३० रोजी दुसऱ्या एका चित्रपटासाठी पॅसिफिक समुद्रावर उडणारी दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि दिग्दर्शक केनेथ हॉक्ससह दहा जण ठार झाले.

हे झाले एका क्षणात होणारे अपघात. ते निदान वर्तमानपत्रात येतात. संथपणे मारणाऱ्या गोष्टी कुठेच येत नाहीत.

त्या काळी सेटवर कार्बनच्या कांड्यांचे आर्क दिवे वापरीत. त्यांच्या उघड्या प्रकाशाने डोळे लाल होत, सुजत, रात्रभर वाळू खुपसल्यासारखे चुरचुरत. तिथे त्याला 'क्लीग आय' असे नाव पडले होते. हे नाव क्लीगल या दिव्याच्या कंपनीवरून आलेले. आपल्या वर्कशॉपमधल्या वेल्डर बांधवांना हा आजार सांगावा लागणार नाही. काच न लावता आर्ककडे पाहिले की जे होते, तेच ते. फरक एवढाच की वेल्डरला निदान काच मागता येते. नटाला डोळे उघडे ठेवून दिव्यासमोर हसावे लागे आणि दिवे सांभाळणारा कामगार तर दिवसभर दिव्याच्या शेजारीच असे. पुढे रंगीत चित्रपट आले. त्यांना आणखी दिवे लागत. 'द विझार्ड ऑफ ऑझ' च्या सेटवर पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर जात असे, आणि कलाकार जाड पोशाखात, चेहऱ्यावर रबर आणि रंग थापून उभे असत.

१९३९ च्या त्या चित्रपटाचीच गोष्ट घेऊ, कारण तो मुलांचा लाडका चित्रपट आहे. पत्र्याच्या माणसाची भूमिका आधी बडी एब्सन या नटाला दिली होती. त्याच्या तोंडाला रोज ॲल्युमिनियमची भुकटी फासत. काही दिवसांत त्याला श्वास घेता येईना, इस्पितळात प्राणवायूवर ठेवावे लागले. स्टुडिओने त्याच्या जागी जॅक हेली याला आणले. भुकटीऐवजी आता लेप लावायचा ठरले, परंतु आधीचा माणूस का गेला हे नव्या माणसाला सांगितले नाही. पहिला माणूस सिक झाला की त्याच जागेवर दुसरा पाठवायचा आणि कारण विचारू नये अशी व्यवस्था करायची, ही युक्ती काही आपल्याच साहेबांची नाही हे यावरून दिसते.

त्याच चित्रपटात चेटकिणीचे काम मार्गारेट हॅमिल्टन करीत होती. २३ डिसेंबर १९३८ रोजी धूर आणि ज्वाळांतून अदृश्य होण्याच्या दृश्यात तिला खाली नेणारी फळी वेळेवर उतरली नाही. चेहरा आणि हात भाजला. तोंडाला लावलेल्या हिरव्या रंगात तांबे होते, तो रंग भाजलेल्या कातडीवरून तातडीने पुसून काढावा लागला. सुमारे सहा आठवडे ती घरी होती. तिने दावा लावला नाही. तिने स्वतःच नंतर सांगितले की या धंद्यात दावा लावला तर पुन्हा काम मिळणार नाही हे तिला ठाऊक होते. मात्र परत आल्यावर तिने आगीचे काम करायला साफ नकार दिला. मग काय झाले? धूर सोडणाऱ्या झाडूवर बसण्यासाठी तिच्याऐवजी बेट्टी डॅन्को या बदली स्त्रीला बसवले, झाडूतील नळी फुटली आणि तिच्या पायाला जबर जखम झाली. इथे थांबून विचार करावा असे आम्हाला वाटते. एकटीने दिलेला नकार तिला वाचवू शकला, पण धोका तिथून हलला नाही. तो खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईच्या अंगावर गेला. धोका हटवायचा तर नकार सगळ्यांनी मिळून द्यावा लागतो.

त्या काळात सिनेमातला बर्फ म्हणून पांढरे ॲस्बेस्टॉस सर्रास उधळले जात असे. ते दुकानात सणाच्या सजावटीसाठीही मिळे. ॲस्बेस्टॉस म्हणजे काय हे आपल्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना विचारा. आज धूळ छातीत जाते आणि वीस-तीस वर्षांनी, माणूस रिटायर झाल्यावर, बिल येते. मग ते बिल मालक कशाला भरेल?

१९५४ मध्ये 'द कॉन्करर' या चित्रपटाचे बाह्यचित्रण युटा राज्यातील सेंट जॉर्ज गावाजवळ झाले. आदल्याच वर्षी शेजारच्या नेवाडातील चाचणीक्षेत्रात अणुबॉम्बच्या अकरा चाचण्या झाल्या होत्या आणि वारा धूळ घेऊन याच बाजूला आला होता. त्या धुळीत माणसे घोड्यांवरून दौडली, लोळली, जेवली. वर उरलेले चित्रण जुळावे म्हणून तिथली सुमारे ६० टन माती स्टुडिओत आणून पसरली. १९८० मध्ये 'पीपल' या साप्ताहिकाने मोजदाद केली, तेव्हा २२० जणांच्या त्या पथकातील ९१ जणांना कर्करोग झालेला आढळला आणि ४६ जण त्याने गेले होते. दिग्दर्शक डिक पॉवेल आणि नायक जॉन वेन हेही कर्करोगानेच गेले. त्यांत भरपूर सिगारेट ओढणारे बरेच होते, त्यामुळे एकेका रोग्याचे कारण बोट ठेवून दाखवता येत नाही हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. पण सरकारने 'काही धोका नाही' म्हणून सांगितले आणि मालकाने त्यावर विश्वास ठेवून माणसे तिथे नेली, एवढे तर खरे आहे. त्या गावचे रहिवासी आणि एक्स्ट्रा म्हणून आणलेले स्थानिक आदिवासी यांना तर चित्रपट संपल्यावरही तिथेच राहायचे होते.

आता कामाचे तास. 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) मध्ये राक्षसाचे काम करणाऱ्या बोरिस कार्लॉफला रोज रंगभूषेलाच सुमारे चार तास बसावे लागे. एकदा त्याच्याकडून सलग २५ तास काम करून घेतले. नायकाला खांद्यावर उचलून टेकडी चढण्याचे दृश्य पुन्हापुन्हा करायला लावल्याने त्याची पाठ कायमची दुखावली. ज्यूडी गार्लंड 'विझार्ड'च्या वेळी १६ वर्षांची होती. तिने पुढे सांगितले की स्टुडिओ मुलांना जागे ठेवण्यासाठी गोळ्या देई, काम संपले की झोपेच्या गोळ्या देई आणि चार तासांनी उठवून पुन्हा जागे राहण्याच्या गोळ्या देई. ती ४७ व्या वर्षी गोळ्यांच्याच अतिमात्रेने गेली. आपल्याकडे इंजिनात जादा कोळसा घालताना प्रेशर गेजकडे नजर ठेवली जायची. माणसाला गेज नसतो, म्हणून त्याला कितीही तापवावे काय?

इथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल. हे लोक आपण होऊन आले होते, त्यांना पैसा आणि कीर्ती हवी होती, असे म्हणतील. पैसा आणि कीर्ती मूठभरांना मिळाली. बाकीचे स्टुडिओच्या फाटकाबाहेर पहाटेपासून रांग लावणारे एक्स्ट्रा होते. त्यांच्या पिळवणुकीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९२५ मध्ये मालकांनाच सेंट्रल कास्टिंग नावाची भरती कचेरी काढावी लागली. तिच्या यादीत नावे हजारोंची आणि रोजचे काम थोड्यांना. त्यात १९२९ नंतरची मंदी. अशा वेळी 'पाण्यात उभा राहतोस का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारा उपाशी राहतो आणि त्याच्या मागचा 'हो' म्हणतो. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. याला मर्जी म्हणणे ही थट्टा आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती ऐकून हसावे की रडावे कळत नाही. कर्टिझनेच दिग्दर्शित केलेल्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) मध्ये घोड्यांच्या पुढच्या पायांना तारा बांधून त्यांना धावताना पाडले जाई. त्यात पंचविसाच्या आसपास घोडे मेले किंवा मारावे लागले. नायक एरल फ्लिन त्यावर संतापला. 'जेसी जेम्स' (१९३९) साठी एका घोड्याला उंच कड्यावरून तलावात ढकलले, तो बुडाला. लोक खवळले. तेव्हा १९४० पासून प्राणीदया संस्थेचा निरीक्षक सेटवर उभा राहू लागला. हे चांगलेच झाले. मुक्या जिवाला माणूस हवाच. आमचा प्रश्न इतकाच की १९४१ च्या 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' या चित्रपटात त्याच घोड्यांवर बसलेल्या स्वारांपैकी तीन जण चित्रीकरणाच्या काळात मेले. एक जण घोड्यावरून पडून स्वतःच्याच तलवारीवर पडला. घोड्याच्या बाजूने सेटवर कचेरीचा माणूस होता, स्वाराच्या बाजूने कोण होते?

त्याच्या बाजूने असू शकत होती ती फक्त त्याची युनियन. तो इतिहास आपण नीट वाचला पाहिजे, कारण त्यात शाबासकी आहे आणि कानउघाडणीही आहे.

स्टुडिओतील सुतार, वीजकामगार, रंगारी वगैरेंच्या पाच संघटनांनी २९ नोव्हेंबर १९२६ रोजी मालकांशी पहिला मोठा करार केला. मालक सावध झाले. लगेच १९२७ मध्ये एमजीएम स्टुडिओचे लुई मेयर यांच्या पुढाकाराने ॲकॅडमी स्थापन झाली. आज जगभर जिच्या सोनेरी बाहुलीची चर्चा होते तीच ही ॲकॅडमी. नट, लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते यांना एकाच छपराखाली बसवून तंटे घरातल्या घरात मिटवायचे, म्हणजे खरी युनियन येणार नाही, हा तिच्यामागचा एक मोठा हेतू होता. मालकाच्या मांडीवर बसलेली संघटना आपण आपल्याकडेही पाहिली आहे. तिची परीक्षा मार्च १९३३ मध्ये झाली. बँका बंद पडल्या आणि स्टुडिओंनी आठ आठवडे निम्मा पगार घ्या असे फर्मान काढले. आयएत्से या कारागिरांच्या युनियनने ते धुडकावले, स्टुडिओ बंद पडले, त्यांची कपात टळली. ज्यांची युनियन नव्हती त्या नटांचा पगार कापला गेला. डोळे उघडले. त्याच वर्षी स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड जन्मली. २५ तास राबलेला कार्लॉफ तिच्या पहिल्या सभासदांपैकी एक होता.

चार वर्षे मालकांनी तिला ओळख दिली नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत वॅग्नर कायदा आला, एप्रिल १९३७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, सभासदांनी संपाच्या बाजूने कौल दिला आणि मे १९३७ मध्ये करार झाला. एक्स्ट्राला दिवसाला किमान साडेपाच डॉलर, साहसदृश्ये करणाऱ्या स्टंटमनला ३५ डॉलर. जो कडा आधी एका जेवणाच्या पैशात उतरवून घेतला जात होता, त्याला प्रथमच किंमत लागली. धोक्याची किंमत वाढली की मालक धोका कमी करण्याचे मार्ग शोधू लागतो. दयाबुद्धीने जे होत नाही, ते दरपत्रकाने होते.

आता कानउघाडणी. त्याच १९३७ च्या वसंतात रंगारी आणि रंगभूषाकार संपावर होते. नटांचा करार झाला आणि नट कामावर गेले; रंगारी फाटकावर राहिले. १९३३ च्या उन्हाळ्यातला आयएत्सेचा संप फसल्यानंतर ती युनियन मोडकळीस आली आणि तिच्यावर शिकागोच्या गुंडटोळीने कब्जा केला. अध्यक्ष जॉर्ज ब्राउन आणि त्याचा हस्तक विली बायॉफ हे मोठ्या स्टुडिओंकडून वर्षाला प्रत्येकी ५०,००० डॉलर उकळत आणि त्याच्या बदल्यात कामगारांना गप्प ठेवत. १९४१ मध्ये दोघांना शिक्षा झाली. वर्गणी कामगारांची, सौदा मालकाचा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. ज्या युनियनमध्ये सभासद सभेला येत नाहीत, हिशेब विचारत नाहीत, तिथे हे कुठेही होऊ शकते. आम्ही सेक्रेटरी आहोत म्हणूनच हे लिहीत आहोत.

पुढे लढाऊ कारागिरांची कॉन्फरन्स ऑफ स्टुडिओ युनियन्स उभी राहिली. १९४५ मध्ये तिचा मोठा संप झाला. ५ ऑक्टोबर १९४५ रोजी वॉर्नर ब्रदर्सच्या फाटकावर पाण्याचे फवारे, अश्रुधूर आणि लाठ्या चालल्या. पण सेट उभारायचा हक्क कोणत्या युनियनच्या सुताराचा, या भांडणात १९४६ मध्ये आयएत्से आणि मालक एका बाजूला झाले, कामगारांना टाळे लागले, नटांची गिल्ड संपाची रांग ओलांडून आत गेली आणि काही वर्षांत ती लढाऊ संघटना संपली. त्या वेळी गिल्डच्या कार्यकारिणीत असलेले आणि १९४७ मध्ये तिचे अध्यक्ष झालेले गृहस्थ म्हणजे रोनाल्ड रीगन. १९८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच ११,००० हून अधिक संपकरी हवाई नियंत्रकांना एका झटक्यात कामावरून काढले. वाहतूक क्षेत्रातील कामगारांनी ही साखळी लक्षात ठेवावी.

कोणी म्हणेल, हे जुने झाले. १९७० मध्ये अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा कायदा झाला, १९८० मध्ये नटांच्या गिल्डच्या करारामुळे प्राण्यांवरची सेटवरील देखरेखसुद्धा परत आली. खरे आहे. पण २३ जुलै १९८२ च्या रात्री 'ट्वायलाइट झोन' च्या चित्रीकरणात हेलिकॉप्टर कोसळून एक नट आणि दोन लहान मुले ठार झाली. मुलांना रात्री कामाला लावणेच बेकायदा होते. खटल्यात १९८७ मध्ये दिग्दर्शकासह पाचही आरोपी सुटले. १९९७ मध्ये एक कॅमेरा सहायक १९ तासांची पाळी करून घरी जाताना गाडी चालवता चालवता झोपला आणि मेला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत 'रस्ट' च्या सेटवरून कॅमेरा विभागातील काही कामगार लांबलेले तास आणि असुरक्षितता यांवर तक्रार करून सकाळी निघून गेले, आणि काही तासांतच खरी गोळी नाही असे समजल्या गेलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटून छायालेखिका ठार झाली. हॅरोल्ड लॉईडच्या हातातला बॉम्ब आणि ही गोळी यांत १०२ वर्षांचे अंतर आहे. चूक तीच आहे.

आणि एक घटना तर आपल्याच खात्यातली. २० फेब्रुवारी २०१४ रोजी जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' चित्रपटाचे लोक नदीवरच्या रेल्वे पुलावर गेले. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. तरी रुळांवर लोखंडी खाट मांडून चित्रीकरण सुरू केले. शिटी ऐकू आली तर पळायला एक मिनिट मिळेल, असे कामगारांना सांगितले होते. मालगाडी आली. एक मिनिट मिळाले नाही. २७ वर्षांची कॅमेरा सहायक तरुणी जागीच ठार झाली, अनेक जखमी झाले. २०१५ मध्ये दिग्दर्शकाने गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला.

आपल्या कोणत्याही ट्रॅकमनला विचारा. लाइनवर काम करायचे तर आधी ब्लॉक घ्या, ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग लावा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावा, झेंडीवाला उभा करा. हे नियम कोणा हुशार साहेबाला सुचले म्हणून पुस्तकात आलेले नाहीत. एकेका ओळीखाली कोणीतरी कापला गेला आहे. 'शिटी ऐकली की पळा' हा नियम नसतो, ती माणसाच्या जिवावर लावलेली पैज असते. आणि हे लिहिताना आम्हाला मान खाली घालावी लागते, कारण आपल्या लाइनवरही, माणसे कमी आणि गाड्या जास्त म्हणून, झेंडीवाल्याविना गँगला काम करायला लावले जाते आणि मग चौकशीत मेलेल्याचीच चूक निघते.

आपल्या देशातील चित्रपट कामगारांचे दुःखही वेगळे नाही. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी म्हैसूरच्या एका स्टुडिओत टिपू सुलतानावरील दूरदर्शन मालिकेच्या सेटला आग लागून चाळीसहून अधिक माणसे होरपळून मेली. सिने-कामगारांना लेखी करार मिळावा म्हणून १९८१ मध्ये खास कायदा झाला होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो विलीन करण्यात आला. नाव बदलले. पण स्पॉटबॉय, लाइटमन, ज्युनियर आर्टिस्ट यांच्या हातात लेखी करार किती जणांच्या पडतो, हे पाहण्याचे काम कायद्याचे पुस्तक करत नाही. ते संघटनेने करायचे असते.

म्हणून आमचे सांगणे चार गोष्टींचे आहे. एक, धोका दिसला तर काम थांबवण्याचा हक्क लेखी करारात हवा आणि तो वापरणाऱ्याच्या पाठीशी सगळी शाखा उभी हवी. हॅमिल्टनबाईंचा नकार आणि डॅन्कोबाईंची जखम विसरू नका. दोन, कामाचे तास घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतच्या थकव्याचा विचार करून ठरले पाहिजेत. आपल्या लोको रनिंग बांधवांनी ऑगस्ट १९७३ च्या लढ्यात दहा तासांच्या ड्युटीचे तत्त्व सरकारकडून मान्य करून घेतले, ते दमलेल्या डोळ्यांना सिग्नल दिसत नाही म्हणून. ते तत्त्व रोज राखावे लागते. तीन, अपघाताच्या चौकशीत कामगारांचा प्रतिनिधी बसलाच पाहिजे. चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, कंत्राटी आणि रोजंदारी माणूस युनियनच्या बाहेर ठेवू नका. हॉलीवूडमध्ये पाण्यात उभा केला गेला तो एक्स्ट्रा होता. आपल्या लाइनवर आज पहिल्यांदा रुळावर उतरवला जातो तो कंत्राटदाराचा माणूस आहे. त्याचे नाव आपल्या मस्टरवर नाही म्हणून तो आपला नाही, असे ज्या दिवशी आपण म्हणू, त्या दिवशी धोका कुठेही गेलेला नसेल, फक्त आपल्या पायाखालून सरकून त्याच्या पायाखाली गेलेला असेल. आणि तो तिथे फार दिवस राहत नाही.

पुढच्या वेळी इन्स्टिट्यूटच्या पडद्यावर एखादा जुना चित्रपट लागेल तेव्हा जरूर पहा, मुलांनाही दाखवा. हसण्याच्या जागी हसा. फक्त वॉटर कॉलमच्या सोंडेतून पाणी कोसळले की मुलांना सांगा, तो माणूस खाली रुळावर पडला आणि त्याची मान मोडली होती. आणि मग शाखेच्या पुढच्या सभेला या.